तळ्याच्या उजवीकडचं झाड

डायलिसिसच्या खोलीत धबधब्याचा फोटो लावायची कल्पना दवाखान्याच्या व्यवस्थापकांची. खोलीला खिडकी नव्हती आणि समोरची भिंत चांगली ऐसपैस होती, तेव्हा पेशंटना जरा प्रसन्न वाटावं असा त्यांचा हेतू. हेतूला नाव ठेवायला जागा नव्हती. पण त्या खोलीत येणाऱ्यांना पाणी मोजून मिळायचं. मूत्रपिंडं थकलेली, त्यामुळे प्यायलेलं पाणी अंगातच साठून राहायचं आणि एक दिवसाआड मशीनला ते ओढून काढावं लागायचं. दिवसाचे पेले ठरलेले. त्यातच चहा आणि त्यातच गोळ्या गिळायच्या. अशा माणसांसमोर छतापासून खालपर्यंत कोसळणारा, फेसाळणारा, तुषार उडवणारा धबधबा! त्यातून दिवस उन्हाळ्याचे. आठवडाभरात खोलीतले सगळेच त्या धबधब्याला पाण्यात पाहू लागले.

"सिस्टर, त्याच्यावर एक चादर तरी टाका," ड्रायव्हरकाका म्हणायचे. त्यांनी सगळी हयात लांब पल्ल्याच्या बसगाड्या चालवण्यात घालवली होती. "चार तास हे बघायचं, घरी जाऊन घटाघटा प्यायचं, आणि परवा तुमच्या वजनकाट्यानं चुगली केली की तुमचीच बोलणी खायची."

"काका, साहेबांनी हौसेनं लावलाय."

"मग साहेबांना बसवा इथे. आणि आधी खारे शेंगदाणे द्या."

पलीकडच्या खुर्चीतल्या मोठ्या बाई हसल्या. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळा दवाखाना त्यांना मोठ्या बाईच म्हणायचा, आणि डॉक्टरसुद्धा त्यांच्यासमोर पाठ ताठ करून उभे राहायचे.

धाकटी मात्र हसली नाही. ती धबधब्याकडे पाठ करून, मान वाकडी करून पडली होती. डाव्या हाताच्या, डायलिसिससाठी ऑपरेशन करून फुगवलेल्या शिरेत दोन सुया, त्यांतून तिचं रक्त मशीनमध्ये जात होतं आणि परत येत होतं. तिच्या पायांशी स्टुलावर बसलेली तिची थोरली बहीण, ताई, तिच्या मानेकडे बघत होती. चार तास अशी मान ठेवली तर रात्री ती आखडणार आणि तेल चोळायला आपल्यालाच उठावं लागणार, हे ताईला दिसत होतं.

धाकटी पोहायला शिकवायची. शहरातल्या सार्वजनिक तलावावर गळ्यात शिट्टी अडकवून काठाकाठानं फिरायची. पण शिट्टी नावापुरतीच. या टोकाला ती ओरडली की त्या टोकाच्या मुलाचा हात पाण्यात आपोआप सरळ व्हायचा. लग्नाचं कुणी विचारलं तर "माझं पाण्याशी झालंय" म्हणायची. मग अंगावर सूज येऊ लागली, धाप लागू लागली, आणि तपासण्यांच्या शेवटी या खोलीतली एक खुर्ची तिच्या वाट्याला आली. ताईनं एका शब्दात सांगितलं होतं, माझं एक मूत्रपिंड घ्या. पण ताईच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. त्यावर दोघी बहिणी परत कधी बोलल्या नाहीत. धाकटी खुर्चीत बसायची, ताई स्टुलावर.

ताई फोटोग्राफर होती. पण तिचे फोटो कुणी फोटो म्हणून बघितलेच नव्हते. कुकर, चपला, फरशा, बादल्या, दाराच्या कड्या असं सगळं ती कॅटलॉगसाठी टिपायची. घरातल्या पुढच्या खोलीत पांढरा कागद टांगलेला, दोन्ही बाजूंना दिवे. त्या पांढऱ्या कागदावर ना सकाळ व्हायची ना संध्याकाळ. बादलीला कसला आलाय ऋतू?

त्या दिवशी सुया काढताना धाकटीची मान खरंच आखडली. ती कळवळली तशी ताई उठली आणि थेट व्यवस्थापकांच्या खोलीत गेली.

"तो धबधबा काढा. त्या जागी मी फोटो करून देते. तुम्ही फक्त छपाईचं बघा."

व्यवस्थापक भला माणूस होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पण धबधब्यात वाईट काय आहे हो?"

ताईनं सांगितलं. तो ऐकत गेला. मग कपाळावर हात मारून म्हणाला, "हे माझ्या लक्षात कसं आलं नाही!"

*

फोटो कशाचा हवा, यावर खोलीत खल झाला. ड्रायव्हरकाकांची अट एकच, पाणी नको. नदी नको, समुद्र नको, दवाचा थेंबसुद्धा नको. मोठ्या बाईंना फुलदाणी, सूर्यास्त आणि मांजराची पिल्लं यांची मनापासून चीड होती. सिस्टर म्हणाली, काहीतरी लांबवरचं असू दे, या खोलीत सगळं फार जवळ आहे. धाकटी म्हणाली, "काहीही लाव. मी झोपणार."

लांबवरचं म्हटल्यावर ताईला एकच जागा माहीत होती. शहराबाहेर, डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेनं गेलं की एक माळ होता. माळावर हळूहळू चढत जाणारी टेकडी, टेकडीच्या पायथ्याशी एकच मोठं झाड, आणि त्या झाडाच्या डावीकडे तळं. धाकटी सुट्टीच्या दिवशी तिथे पोहायला जायची. ताईला पोहता येत नव्हतं. ती काठावर चटई टाकून बसायची, धाकटीचं डोकं पाण्यावर दिसतंय ना एवढंच बघत. अशी कित्येक वर्षं तिनं त्या काठावर काढली होती. कुठल्या वेळी टेकडीवर ऊन कसं येतं, झाडाची सावली कुठवर जाते, हे तिला न शिकता ठाऊक झालं होतं.

ती एकटीच गेली. झाडाला नुकती पालवी येऊन गेली होती, पानं दाट आणि कोवळी हिरवी होती. तिनं कॅमेऱ्याची तिपाई उभी केली आणि कॅमेऱ्यातून बघितलं. चौकटीच्या डाव्या कडेला तळं चमकत होतं. तिनं कॅमेरा जरा उजवीकडे वळवला. तळं अजून दिसत होतं. आणखी वळवला. आता झाड डाव्या बाजूला आलं, त्याच्या मागे टेकडी, वर जाणारी पायवाट आणि आभाळ. पाणी गेलं. ताईनं सुस्कारा सोडला आणि बटण दाबलं. घरी आल्यावर धाकटीनं विचारलं, "कुठे गेली होतीस गं?" ताई म्हणाली, "एका टेकडीवर."

"कुठल्या?"

"आहे एक."

फोटो भिंतीवर चढला तेव्हा खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण ड्रायव्हरकाका बराच वेळ त्या पायवाटेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वर गेल्यावर वळण आहे का हो?"

"आहे. डावीकडे."

"वाटलंच मला. रस्ता तसा सांगतोय." आणि ते समाधानानं डोळे मिटून पडले. धाकटीनं एक नजर टाकली, "बरा आहे" म्हणाली, आणि खरोखरच झोपली. पण सरळ मानेनं झोपली. ताईला तेवढं पुरलं.

दोन महिने गेले. बाहेर पावसाळा लागला. लोक निथळत्या छत्र्या घेऊन आत यायचे, ओल्या चपला दाराशी काढायचे, आणि समोर भिंतीवर तेच कोवळं ऊन.

"फोटोवाली ताई," एक दिवस ड्रायव्हरकाका म्हणाले, "तुमची टेकडी खोटी पडायला लागली हो. माझ्या पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तिकडे वाटेवर धुरळा."

"फोटो आहे तो काका, त्याला काय ठाऊक पाऊस आलाय ते?"

"मग त्याला सांगा की कुणीतरी."

मोठ्या बाई म्हणाल्या, "ते बरोबर बोलतायत. आम्ही इथे येतो, पडतो, घरी जातो. मधे वर्ष कुठे गेलं ते कळत नाही. वर्गातसुद्धा आम्ही दर ऋतूला भिंतीवरचं चित्र बदलत असू."

अशी ती प्रथा पडली. ताई दर ऋतूत त्याच जागी जायची. जागा चुकू नये म्हणून तिनं तिपाईच्या पायांखाली तीन चपटे दगड पुरून ठेवले. पावसाळ्यातला फोटो तिनं रडकुंडीला येऊन काढला. पाऊस दाखवायचा, पण पाणी दाखवायचं नाही! पायवाटेवर डबकी, पानांवरून पागोळ्या. शेवटी पाऊस थांबून गेल्यावरचा एक क्षण तिला मिळाला. झाडाचं खोड भिजून काळंभोर झालेलं, टेकडीवर गवत इतकं हिरवं की डोळ्यांना झोंबावं, आणि ढग एवढे खाली की टेकडीचा माथाच नाहीसा. थेंब कुठेच नव्हता.

ड्रायव्हरकाकांनी तो कडक नजरेनं तपासला. "पास," म्हणाले.

पाऊस सरल्यावर टेकडी पिवळ्या रानफुलांनी भरली. ताई पहाटे गेली, दुपारी गेली, पुन्हा दुसऱ्या दिवशी गेली. चपलांचे फोटो घेताना ती घड्याळ लावून काम करायची. इथे तिला वेळेचं भानच उरेना. ढगाची सावली टेकडीवरून उतरताना बघत ती नुसती उभी राहायची. एकदा एक ससा तिच्या बुटापर्यंत आला आणि तिला झाडबीड समजून खुशाल गवत कुरतडत बसला. ही गोष्ट तिनं खोलीत सांगितली तेव्हा सगळे हसले, पण धाकटी म्हणाली, "तू ना ताई, हल्ली छान दिसतेस. रापलीयेस." त्या बोलण्यात कौतुक होतं आणि आणखीही काहीतरी होतं. ताईनं ते कौतुकच धरलं.

थंडीत धुकं आलं. गवत सोनेरी झालं, मग राखी झालं. फोटो बदलायचा दिवस आला की आता सगळे वेळेच्या आधी हजर. एरवी पडून राहणारी माणसं माना उंचावून बघायची. मोठ्या बाई टेकडीवर कुठल्या बाजूचं गवत आधी वाळतं यावर ड्रायव्हरकाकांशी वाद घालायच्या, आणि हरत आल्या की मशीनचा भोंगा वाजल्याचं निमित्त करून सिस्टरला हाक मारायच्या.

*

मग पानगळ झाली. ताई गेली तेव्हा झाडावर औषधालाही पान नव्हतं. पानांनी भरलेलं असताना ते नुसतं एक गोल, दांडगं झाड होतं. आता त्याचा सगळा सांगाडा उघडा पडला होता. खोडापासून निघून जमिनीला समांतर जाणारी आणि मग कोपरातून वाकवल्यासारखी एकदम वर गेलेली ती खालची फांदीसुद्धा. ही फांदी धाकटीनं कुठेही ओळखली असती. तिनं कॅमेरा हलवून बघितला. फांदी काढली तर झाडच जात होतं. शेवटी, झोपणारच तर आहे ती, असं स्वतःला समजावून तिनं फोटो घेतला.

या वेळी व्यवस्थापकच अडून बसला. "नाही हो. हे नाही लावता येणार. वाळकं झाड? या खोलीत? लोक काय म्हणतील?"

"वाळलेलं नाही ते. पानं झडलीयेत, महिनाभरात येतील."

"ते तुम्हाला माहिती. बघणाऱ्याच्या मनात भलतंच यायचं." तो वाईट हेतूनं बोलत नव्हता. उलट त्याचा चेहरा कसनुसा झाला होता. "त्यापेक्षा पिवळ्या फुलांचाच परत लावू या."

हे बोलणं खोलीच्या दाराशीच चाललं होतं. मोठ्या बाईंनी आतून हाक मारली, "साहेब, जरा इकडे या."

साहेब आले आणि नकळत हात मागे घेऊन उभे राहिले.

"आम्ही काय पाळण्यातली बाळं आहोत का?"

"तसं नाही बाई—"

"झाडाची पानं झडतात हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्यापासून लपवून ठेवलंत तर ती झडायची थांबणार आहेत का? लावा तो. आणि नवी पानं आली की तोही लावा. मधलं पान फाडून पुस्तक वाचायला देऊ नका आम्हाला."

"मला आवडलं," ड्रायव्हरकाका फोटो बघत म्हणाले. "आता मागचं वळण दिसायला लागलं. इतके दिवस पानं आड येत होती."

साहेबांनी हात टेकले. फोटो चढला.

ताई उतरवलेल्या जुन्या फोटोची गुंडाळी बांधत होती. तिनं वळून बघितलं तर धाकटी टक्क जागी. ती फोटोकडे बघत होती. बघता बघता तिचा चेहरा बदलला.

"ताई, हे आपलं झाड आहे."

"कुठलं आपलं?"

"मी ज्याच्यावर टॉवेल टाकायची ते. ही फांदी. हिच्यावर बसून मी केस वाळवायची." तिचा आवाज चढला नव्हता, पण खोलीतली बाकीची बोलणी थांबली. "याच्या डावीकडे तळं आहे. इथे, फोटो संपतो ना, त्याच्या जरासं पुढे. तू ते कापलंस."

"कापलं नाही गं. घेतलंच नाही."

"का? मी रडेन म्हणून?"

"पाणी नको असं सगळ्यांचंच ठरलं होतं—"

"सगळ्यांचं राहू दे. मला सांग. वर्षभर तू तिथे जात होतीस. मी विचारायचे कुठे, तर तू म्हणायचीस, आहे एक टेकडी. पहाटे जायचीस, दुपारी जायचीस. ससा बघून यायचीस. आणि मी इथे." तिनं मोकळ्या उजव्या हातानं खुर्ची थोपटली. "मला नाही दाखवलंस त्याचं काही नाही ताई. पण मला इथे सोडून तू माझ्या तळ्यावर गेलीस."

एरवी भांडण झालं की धाकटी दार आपटून निघून जायची, हा तिचा लहानपणापासूनचा रिवाज. आज तिला उठता येत नव्हतं. रक्त नळ्यांतून फिरत होतं, आणि अजून दोन तास फिरणार होतं. तिनं फक्त डोळे मिटून घेतले आणि मान पलीकडे वळवली. ताई स्टुलावर बसून राहिली. तिला उठून जाता आलं असतं, पण ती उठली नाही. मशीन आपलं गुणगुणत राहिलं.

*

घरी गेल्यावर धाकटीनं अबोला धरला. अबोला म्हणजे बोलायचं सगळं, फक्त भांड्यांना बोलू द्यायचं. डबे जरा जास्तच जोरात ठेवले जात होते. ताईनं पुढच्या खोलीत जाऊन एका किटलीचा फोटो घ्यायचा प्रयत्न केला. किटलीत तिला स्वतःचा चेहरा दिसत राहिला, ताणलेला आणि वाकडा. तिनं दिवे विझवले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली.

धाकटी ओटा पुसत होती. पुसलेलाच परत पुसत होती.

"मला भीती वाटायची. तुला तिथे नेलं आणि तू पाण्याकडे नुसती बघत बसलीस तर मी काय करू? त्यांनी माझं मूत्रपिंड घेतलं नाही. मला तुझ्यासाठी काहीच करता येत नाही. निदान तुला त्रास तरी होऊ नये, एवढंच माझ्या हातात आहे असं वाटायचं. आणि दुसरं म्हणजे, मला तिथे जायला आवडायला लागलं. तुझ्याशिवाय. ते सांगायची लाज वाटत होती."

धाकटीचा हात थांबला. तिनं फडक्याची घडी घातली.

"मूत्रपिंडाचं परत काढू नकोस," ती म्हणाली. "तुझं साखरेचं मूत्रपिंड मला नकोच होतं. मी गोड बोलायला लागले असते तर?"

ताईला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही एकदमच बाहेर पडलं.

"मला ने," धाकटी म्हणाली.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी आधी नाही म्हटलं, मग तळ्याची, पाण्याची, हाताची चौकशी केली, आणि मोठ्या नाखुशीनं परवानगी दिली. सुयांच्या दिवशी जायचं नाही, हाताला पाणी लागता कामा नये, आणि पाण्यात उतरायचंच असेल तर फार तर गुडघ्यापर्यंत. "गुडघ्यापर्यंत म्हणजे गुडघ्यापर्यंत," त्यांनी ताईकडे बघून बजावलं. ताईनं जबाबदार चेहऱ्यानं मान डोलावली.

ऊन चांगलं तापल्यावर त्या पोचल्या. धाकटी गाडीतून उतरली, झाडापाशी गेली, आणि त्या फांदीवर हात ठेवून उभी राहिली. तेवढ्या चालण्यानंही तिचा श्वास फुलला होता. मग तिनं डावीकडे बघितलं. तळं आटून जरा मागे सरकलं होतं, पण होतं. मधोमध ऊन पडून लखलखत होतं.

"लहान वाटतंय," ती म्हणाली.

"उन्हाळ्यात होतंच की."

"हो. मीच विसरले."

तिनं डाव्या हाताला कोपराच्या वरपर्यंत प्लास्टिकची पिशवी गुंडाळून चिकटपट्टी लावून घेतली, दोन्ही ताईच्या कॅटलॉगच्या कामातल्याच. चपला काढल्या आणि पाण्यात गेली. घोट्यापर्यंत. पोटऱ्यांपर्यंत. गुडघ्यांपर्यंत.

"बास," ताई काठावरून म्हणाली.

"बास काय बास? डॉक्टरांचे गुडघे कुठे असतात ते कुणी बघितलंय?"

"मी परत इथे येऊ देणार नाही हं तुला!"

"परत येण्याचं परत येताना बघू." आणि ती कमरेपर्यंत गेली. मग ताई काही म्हणायच्या आत तिनं डावा हात सरळ वर उचलला, वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलीसारखा, आणि पाठ पाण्यावर टाकली.

ताई काठावरच्या चिखलात बुटांसकट उतरली, तिला पोहता येत नव्हतं तरी. पण धाकटी बुडाली नाही. तिचं डोकं, पोट, पायांचे अंगठे पाण्यावर आले. पाय आपोआप हलू लागले, हळू, सवयीनं, जणू मधली दोन वर्षं त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. पिशवी बांधलेला हात आभाळाकडे उभा. ती डोळे मिटून तरंगत होती आणि मोठ्यानं, तिच्या त्या तलावावरच्या आवाजात, कुणाला तरी सूचना देत होती, "मान मागे! पोट वर! श्वास सोड! घाबरायचं नाही, पाणी धरून ठेवतं!"

तो आवाज टेकडीवर आपटून परत आला. ताईच्या गळ्यात कॅमेरा होता. त्याची तिला आठवण झाली तेव्हा धाकटी वळून काठाकडे यायला लागली होती. ताईनं एकच फोटो घेतला. घाईत कॅमेरा नीट धरला गेला नाही, त्यामुळे तो जरा हललेलाच आला.

बाहेर आल्यावर धाकटी कुडकुडत होती. ताईनं तिला टॉवेलात गुंडाळलं, डोकं खसाखसा पुसलं, हातावरची पिशवी सोडवून बघितली. शिरेवरची कातडी कोरडी होती. त्यावर कान ठेवला तर आतलं रक्त नेहमीसारखं घरघरत होतं, म्हणजे शीर नीट वाहत होती.

"बोल आता मला," धाकटी म्हणाली.

"घरी गेल्यावर बोलते."

ती बोललीच नाही. पण डॉक्टर बोलले, भरपूर बोलले, कारण धाकटीला सर्दी झाली, दोन दिवस ताप आला आणि सगळ्या दवाखान्याला गोष्ट कळली. ती कळण्याचं कारणही धाकटीच. पुढच्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या तिनं सगळं साग्रसंगीत सांगितलं. पाणी वर किती गरम आणि खाली किती गार होतं, पायाला शेवाळ कसं लागलं, पाठीखाली पाणी आलं तेव्हा काय वाटलं. शेवटी ड्रायव्हरकाका म्हणाले, "चव कशी आहे?"

"तोंडात घेतलं नाही काका. शपथ."

"नाही, मी आपलं सहज विचारलं. तळ्याचा फोटो आणा फोटोवाल्या ताई. बघू. नाही सोसला तर मी डोळे मिटीन."

तळ्याचा फोटो लागला, पण मोठ्या भिंतीवर नाही. त्यावर मोठ्या बाई आणि ड्रायव्हरकाका यांचं एकमत झालं नाही. सिस्टरनं तोडगा काढला. फोटो लहान छापून दाराशेजारी लावला, ज्याला बघायचाय त्यानं जाता-येता बघावा. धाकटीचा तो हललेला फोटो लावू या, असंही कुणी सुचवलं. ती ठाम नाही म्हणाली. "चार तास मीच माझ्याकडे बघत बसू की काय?" तो तिनं घरी नेला आणि ताईच्या पुढच्या खोलीत, पांढऱ्या कागदाच्या वरच्या बाजूला टांगला.

मोठ्या भिंतीसाठी नवी पालवी हवी होती. त्यासाठी त्या दोघी मिळून गेल्या, सकाळी लवकर, थर्मासमध्ये धाकटीच्या वाट्याचा अर्धा पेला चहा घेऊन. झाडावर तांबूस, पातळ पानं आली होती, उन्हातून आरपार दिसणारी. ताईनं तिपाई दगडांवर ठेवली.

"इथूनच?" धाकटीनं विचारलं.

"इथूनच. दर वेळी इथूनच घेते."

"मग जरा मागे ये की. तीन पावलं. टेकडीचं टोक कापलं जातंय."

"मग दगड कशाला पुरले मी?"

"ते मला काय विचारतेस? मी पुरले होते?"

ताईनं कुरकुरत तिपाई उचलली आणि मागे नेली. कॅमेऱ्यातून बघितलं. टोक आत आलं होतं, आणि डाव्या कडेला पाण्याची एक बारीक पट्टीही. तिनं धाकटीकडे बघितलं.

"काकांना चालेल का गं?"

"एवढंसं चालेल. मी बोलते त्यांच्याशी."

पण वारा सुटला होता. कोवळी पानं जागच्या जागी थरथरत होती, एकही स्थिर राहीना. ताईनं बटणावरचं बोट काढलं. धाकटीनं चटई झटकून टेकडीच्या बाजूला अंथरली, थर्मासचं झाकण उघडलं आणि तिला बसायला जागा करून दिली. वारा पडेपर्यंत दोघी तिथे बसून राहिल्या.